शाळेतला टीव्ही, क्यूआर कोड, ऑनलाइन परीक्षा: तुमचे अनुभव लिहा

जास्वंद
गावी शाळेच्या शताब्दीची तयारी चालू आहे. कोठीची खोली उपसली, तर मोडक्या बाकांमागे लाकडी खोक्यातला टीव्ही निघाला. शटर आणि कुलूपवाला! आमच्या वेळी बालचित्रवाणीचा (शाळेतल्या पोरांसाठी टीव्ही कार्यक्रम बनवणारी संस्था) कार्यक्रम असला की किल्ली हेडसरांच्या खिशात, हेडसर मीटिंगला तालुक्याला, आणि दोन्ही जमून आलंच तर लाइट नाही. एकदा नीट लागला तेव्हा कोष फोडून फुलपाखरू बाहेर येताना पाहिलं. ओले, चुरगळलेले पंख हळूहळू सुकत होते. बाईपण आमच्यात सतरंजीवर येऊन बसल्या होत्या. पुण्यात 1984 ला सुरू झालेली ती संस्था 2017 मध्ये बंद झाली. खोकं मात्र ठणठणीत आहे.
आता भाचीच्या वर्गात हे एवढा मोठा स्मार्ट बोर्ड आहे आणि बाई त्यावर पीडीएफ उघडून 'उतरवून घ्या' म्हणतात. तुमच्याकडे काय? शिक्षक, पालक, पोरं, सगळ्यांनी लिहा.

तिखटमीठ
आमच्याकडे किल्ली शिपाईमामांकडे. मॅचच्या दिवशी लाइटही असायची आणि किल्लीही सापडायची 😀

खडूवाले गुरुजी
मधल्या सुट्टीत लिहितोय. चाचणीचे पेपर तपासा, गुण रजिस्टरला उतरवा, मग मोबाइलवर शिक्षण खात्याच्या चॅटबॉटला एकेका पोराचे प्रश्नवार गुण भरा. रेंज गेली की बसा परत. कुणाची हातच्याची वजाबाकी अडते ते मला तपासतानाच कळलेलं असतं, बॉट नवीन काय सांगणार?
पण मोबाइल वाईट नाही हां. पोरांचं वाचन रेकॉर्ड करून ठेवतो, दोनेक महिन्यांनी त्यांनाच ऐकवतो. एकजण स्वतःचाच आवाज ऐकून म्हणाला, "गुर्जी, ह्यो कोण एवढा अडकतोय?" असली परीक्षा कुठल्या पोर्टलला नाही. खिचडी आली, पळतो.

उनाडमैना
गुरुजी __/\__ ह्यो कोण अडकतोय 😂😂

शेवगा
लेकीने बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडचे पांढरे चौकोन स्केचपेनने रंगवले. स्कॅन होईना. "आई, आता छान दिसतंय ना?" कोडमधून उघडणारा दीक्षा या सरकारी ॲपवरचा व्हिडिओ राहिला बाजूला, तो कवितेचा होता की गणिताचा तेही माहीत नाही.
या कोडची सुरुवात सोलापूरकडच्या परितेवाडीच्या डिसले सरांनी केली ना? 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि निम्मी रक्कम अंतिम यादीतल्या बाकी नऊ जणांना वाटली, ते माझ्या जास्त लक्षात आहे.

कोरोना_बॅच
हो, मीच तो, 2021 चा दहावी. परीक्षा रद्द. नववीचे 50, दहावीच्या अंतर्गत लेखीचे 30, तोंडी-प्रात्यक्षिक वगैरे 20. गंमत अशी की 2020 च्या मार्चमध्ये आमची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही गेली होती. म्हणजे दिवाळीआधी दिलेल्या पेपरांवर माझं दहावीचं अर्धं नशीब. तेव्हा मी फक्त क्रिकेट खेळत होतो. मामा अजून विचारतो, "खरे किती पडले असते?"

अनुराधा_क
@कोरोना_बॅच, मामाला त्याचे किती पडले होते ते विचार.
आमच्याकडे त्या वर्षी एक फोन, दोन पोरं, ह्यांचं ऑफिसही त्याच फोनवर. धाकटी सह्याद्रीवर टिलीमिली ही अभ्यासाची मालिका बघायची. त्यात फळाही नाही, सरही नाहीत, घरातल्याच वस्तू घेऊन काहीतरी करायचं. तिने माझे सगळे डाळींचे डबे मोजले. मोठा गच्चीत टाकीवर चढून ऑनलाइन टेस्ट द्यायचा, शेवटी टाकीचं झाकणच फुटलं.

नानासाहेब
मी निवृत्त प्राध्यापक. आमच्या विद्यापीठाने सगळे पेपर एकदम स्क्रीनवर तपासायला लावले. कागदावर पानं मागेपुढे करून पोराने विचार कुठे सोडला ते शोधायची सवय, इथे एक पान उघडायला चहा पिऊन व्हायचा. मी उघडली ती पुरवणी भलत्याच मुलाची. निकाल रखडले आणि शिव्या आम्हाला. बेरीज मात्र चुकत नाही, हे कबूल. कागदावर बेरजा चुकवणारे महाभाग मी पाहिलेत.

पल्याडची
न्यू जर्सी. मुलाचे मार्क माझ्या फोनवर त्याच्याआधी येतात. तो बसमधून उतरायच्या आत माझा चेहरा पडलेला असतो. नोटिफिकेशन बंद केलं, घरात शांतता.

तिखटमीठ
@पल्याडची, आमच्या वेळी हे असतं तर मी घरी गेलोच नसतो.

उनाडमैना
@अनुराधा_क टाकीचं झाकण कुठे मिळालं? आमचं माकडांनी नेलंय. नुसतं झाकण कोणी देईना.

अनुराधा_क
@उनाडमैना हार्डवेअरवाल्याला टाकीचा व्यास मापून सांगा, मागवून देतो. माकडं म्हणजे कोकणात का तुम्ही?

उनाडमैना
चिपळूण :) बाजारात विचारते उद्या.