हवामान कायद्यातील आकडा आणि तारीख नेमके कोणाला बांधतात?

अनुस्वार
अमेरिकेतील राज्यांच्या हवामान कायद्यांविषयी वाचताना एक शंका वारंवार येते. कॅलिफोर्नियाच्या २००६ च्या कायद्याने हरितगृह वायूंचे उत्सर्जन २०२० पर्यंत १९९० च्या पातळीवर आणायला सांगितले आणि राज्याने ती पातळी २०१६ मध्येच गाठली. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये याहून कडक कायदा केला: १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत ४० टक्के आणि २०५० पर्यंत ८५ टक्के कपात. त्यासाठीचे नियम करण्याची १ जानेवारी २०२४ ही मुदत मात्र तशीच उलटली. आकडा आणि तारीख दोन्हीकडे असताना असे का होते, आणि मुदत चुकल्यास जाब कोणाला विचारायचा?

रेखांश
२०५० चे उद्दिष्ट हुकले म्हणून आज कोणी न्यायालयात जाऊ शकत नाही. जाता येते ते मधल्या, जवळच्या तारखांमुळे. मॅसॅच्युसेट्सचे प्रकरण यासाठी मुळातून वाचण्यासारखे आहे. तेथील २००८ च्या कायद्याने पर्यावरण खात्याला वर्षागणिक घटत जाणाऱ्या उत्सर्जनमर्यादा ठरवणारे नियम करायला सांगितले होते, पण त्या कलमात मर्यादांची ‘इच्छित पातळी’ असा शब्दप्रयोग होता. ‘इच्छित’ म्हणजे केवळ अपेक्षा, आणि आधीपासून चालू असलेल्या योजनांनी ती पूर्ण होते, असा बचाव खात्याने केला. कनिष्ठ न्यायालयाला तो पटला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१६ मध्ये तो फेटाळला आणि प्रत्यक्ष आकड्यांत मांडलेल्या, दरवर्षी उतरत जाणाऱ्या मर्यादा नियमांद्वारे घालाव्याच लागतील, असे बजावले. त्यानंतर २०१७ मध्ये ते नियम आले. एका विशेषणावर एवढा खल झाला, यावरून मसुदा लिहिणाऱ्यांनी बोध घ्यायला हरकत नाही. व्हरमाँटच्या २०२० च्या कायद्याने तर नागरिकांना खात्याविरुद्ध दावा लावण्याची वाट कायद्यातच करून दिली.

अनुस्वार
म्हणजे कॅलिफोर्नियाचे यशही अशा मधल्या तारखांचे म्हणायचे का?

रेखांश
काही अंशी. तेथे जबाबदारी हवा संसाधन मंडळावर नावानिशी टाकलेली होती आणि किमान दर पाच वर्षांनी आराखडा नव्याने मांडण्याची सक्तीही होती. तरी २०१६ मधील घट प्रामुख्याने वीजक्षेत्रातील होती, वाहतुकीचे उत्सर्जन त्याच वर्षी वाढले होते. त्यामुळे सगळे श्रेय एका कायद्याला देणे मला धाडसाचे वाटते.

पायरी
‘कडक’ या शब्दाबद्दल थोडे. केवळ टक्केवारी पाहून ही तुलना होत नाही. न्यूयॉर्कचा कायदा मिथेनचा तापमानवाढीवरील परिणाम प्रचलित १०० वर्षांऐवजी २० वर्षांच्या कालावधीवर मोजतो, आणि त्या हिशेबात मिथेनचे वजन जवळपास तिपटीने वाढते. शिवाय राज्याबाहेरून येणाऱ्या जीवाश्म इंधनाच्या उत्खननात आणि वाहतुकीत होणारे उत्सर्जनही तो राज्याच्या खात्यावर मांडतो. उलट कोलोरॅडोच्या २०१९ च्या कायद्यातील २०३० पर्यंत ५० टक्के कपात हा आकडा मोठा दिसतो, पण तेथे आधारवर्ष २००५ आहे, १९९० नव्हे. म्हणून कोणत्याही राज्याचा कायदा हाती आला की मी टक्केवारीआधी व्याख्यांचे कलम उघडतो.