प्रतिसाद: मेडल वाइनमेकरचं की शेतकऱ्याचं?
वर कोणीतरी म्हणालंय की आपल्या वाइनला मेडल्स मिळतात ती बाहेरून आणलेल्या वाइनमेकरमुळे (म्हणजे वाइन बनवणाऱ्या तज्ज्ञामुळे), अर्धं पटतं. नाशिकच्या सुला या वाइन कंपनीच्या राजीव सामंतनी कॅलिफोर्नियाच्या केरी डॅमस्कीला आणलं, अकलूजच्या फ्रातेली या वाइन कंपनीत इटलीतल्या टस्कनीचे पिएरो मासी आले, खरंय. पण द्राक्ष कोण पिकवतं? आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपतच नाही म्हणून वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलात खरड (नव्या काड्या तयार होण्यासाठीची) आणि पावसाळा सरता सरता गोडी (फळ धरण्यासाठीची), मग जानेवारी ते मार्च तोडणी, युरोपात हीच ऑगस्ट-सप्टेंबरात असते. हे गणित नाशिकच्या बागायतदाराला आधीपासून पाठ होतं हो!