मदत हवी आहे: एकाच चौकोनात दोन जंगलं आली तर काय करता?

डीबीए ३.० (टेबलावर खेळायच्या प्राचीन लढायांचे नियम), १५ मिमी मिनिएचर, ४० मिमी रुंदीचे बेस (सैनिक चिकटवलेल्या पट्ट्या), ६० × ६० सेंमी बोर्ड, त्याचे चार चौकोन. टेरेन (जंगल, टेकडी वगैरे पीस) बचाव करणारा मांडतो. कुठला पीस कोणत्या चौकोनात, ते फासा ठरवतो: १ ते ४ म्हणजे त्या क्रमांकाचा चौकोन, ५ ला बचाव करणाऱ्याची निवड, ६ ला चढाई करणाऱ्याची.

अडचण मोठ्या पीसची आहे. ३० × ३० सेंमीच्या चौकोनात दोन मोठी जंगलं, मध्ये किमान एका बेसची फट, हे गणित जुळत नाही. दुसरं जंगल सरळ बाद केलं तर हलक्या पायदळाच्या सैन्याचा हक्काचा आसरा जातो, आणि तसं सैन्य मोकळ्या मैदानात फॅलँक्ससमोर (भालाइतांच्या दाट रांगेसमोर) टिकत नाही. उलट ते मध्यरेषेकडे सरकवून बसवलं तर ८ बेसच्या फॅलँक्सला लागणारी सलग ३२ सेंमी मोकळी जमीनच उरत नाही. भालाईत जंगलात शिरले की शेजारच्या बेसचा आधार गेला.

तुम्ही पीस बाद करता, की लहान टेम्प्लेट बदली देता? देत असाल तर किमान माप काय? फेल्टचे तळ कापायचे आहेत (झाडं सुटीच ठेवणार, बेस आत सरकायला हवेत), म्हणून लांबी-रुंदीचे नेमके आकडे सांगा.