हिरड्यांच्या पॉकेटमध्ये निळा रंग आणि लाल लेझर: हा उपचार घ्यावा का?

प्रश्न (वैदेही_क):
माझ्या आईच्या खालच्या दाढांभोवती हिरड्यांत पाच ते सहा मिलिमीटर खोल पॉकेट (हिरडी दातापासून सुटून झालेल्या खोबणी) आहेत. स्केलिंग व रूट प्लेनिंगबरोबरच (दात व मुळे खरवडून साफ करणे) पॉकेटमध्ये मिथिलीन ब्लू हा निळा रंग सोडून त्यावर लाल लेझर टाकावा, असे दंतवैद्यांनी सुचवले असून त्याचा खर्च वेगळा आहे. प्रकाशाने जीवाणू मरत असतील, तर आधी खरवडण्याची गरज काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (सूक्ष्मदर्शी):
मिथिलीन ब्लू ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून तयार होणारा सिंग्लेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप) पाण्यात जेमतेम काही मायक्रोसेकंद टिकतो. पण तेवढ्यात जीवाणूचे आवरण, प्रथिने, डीएनए, जे हाताशी येईल त्याची नासधूस करतो. घाव एकाच ठिकाणी बसत नसल्याने प्रतिजैविकांना होतो तसा प्रतिकार येथे सहजी निर्माण होत नाही, आणि या पद्धतीचे मुख्य आकर्षण तेच आहे. तत्त्व मात्र जुने: ॲक्रिडीन रंगातले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरतात, हे म्युनिकमध्ये ऑस्कर राब यांनी १९०० मध्येच नोंदवले होते.

उत्तर (हिरडीतज्ज्ञ):
वरील वर्णन बरोबर आहे. अडचण पॉकेटच्या तळाशी आहे. तेथील जीवाणू सुटे नसून चिकट बायोफिल्ममध्ये (जीवाणूंच्या थरात) दडलेले असतात, रंग बहुधा वरच्या थरांतच अडकतो, रक्त आल्यास रंग पातळ होतो आणि प्रकाशही अडतो, शिवाय ज्या ऑक्सिजनवर सारी भिस्त आहे तोच खोल पॉकेटमध्ये कमी असतो. मुळावर घट्ट बसलेले कीटण तर रंगाने विरघळत नाही. म्हणून जेवण स्केलिंगचेच. हा उपचार फार तर तोंडीलावणे.

तो करायचाच असेल, तर बोथट सुईने रंग तळापासून वर भरावा, एक ते तीन मिनिटे थांबून जादा रंग धुवून टाकावा (दाट रंग वरच्या वरच प्रकाश गिळतो, आणि ही पायरी घाईत गाळली जाते), मगच प्रकाश द्यावा. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शिकेने मात्र पूरक म्हणूनही हा उपचार न वापरण्याचे सुचवले आहे. वेगळा खर्च करावा, असे मला वाटत नाही.

वैदेही_क:
आभारी आहे. मग स्केलिंगनंतर पुढे काय करावे? आईला मधुमेह आहे आणि मिश्री लावण्याची जुनी सवयही आहे.

हिरडीतज्ज्ञ:
मग पैसा आणि लक्ष तिकडे वळवा. मिश्री म्हणजे तंबाखूच, ती पूर्ण थांबली पाहिजे. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) तपासून साखर आटोक्यात आणावी, आणि दाढांच्या फटींसाठी इंटरडेंटल ब्रश रोज वापरावा. साधारण तीन महिन्यांनी पॉकेट पुन्हा मोजून घ्यावेत. चार-पाच मिलिमीटर उरल्यास तेवढ्या जागी पुन्हा स्केलिंग पुरते. सहा किंवा अधिक राहिल्यास फ्लॅप शस्त्रक्रियेचा (हिरडी उघडून आतून साफ करण्याचा) विचार करावा लागेल. तरीही लेझर घेण्याचे ठरलेच, तर आईंना नैराश्यावरील गोळ्या चालू असल्यास किंवा जी६पीडीची (लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असल्यास दंतवैद्यांना आधी सांगावे. शिरेतून दिलेला मिथिलीन ब्लू अशा रुग्णांना धोक्याचा ठरू शकतो, हे ज्ञात आहे. पॉकेटमधील मात्रा अगदी अल्प असते, तरी माहिती दिलेली बरी.