मदत हवी आहे: 'अंधारात रोप जास्त वाढतं' या मुलांच्या निष्कर्षाचं पुढे काय करू?

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग शिकवते. बी रुजायला काय काय लागतं हे मुलांनीच शोधावं म्हणून आम्ही मूग रुजत घातले. पाणी, हवा, ऊब, माती, ऊन अशी यादी मुलांनीच केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हेही त्यांना पटलं. माती तर तिसरीतल्या एका मुलीने लगेच यादीतून काढायला लावली. म्हणाली, "उसळीच्या मुगाला मोड येतात तेव्हा माती कुठे असते?"

अडलंय ते उन्हापाशी. ओल्या फडक्यावरची एक ताटली खिडकीत ठेवली, दुसरी बंद कपाटात. दोन्हींतले मूग रुजले. पण आठवड्याने दोऱ्याने मापलं तर कपाटातली रोपं खिडकीतल्यांपेक्षा चांगलीच उंच! मुलांनी फळ्यावर लिहिलं, 'अंधारात रोप जास्त वाढतं.' एक जण म्हणाला, "पण ती पिवळी आहेत, आजारी दिसतात." त्यावर बाकीचे, "आजारी असती तर एवढी वाढली असती का?"

कारण मला ठाऊक आहे. अंधारातलं रोप डाळिंब्यांमधल्या साठ्यावर जगतं आणि तो साठा उजेड गाठण्यासाठी खोड लांबवण्यात खर्च करतं. हरितद्रव्य तयार होत नाही, पानं नीट उलगडत नाहीत. हे सांगायला दोन मिनिटं पुरतील. पण मुलांनी पुराव्यावरून प्रामाणिकपणे निष्कर्ष काढलाय. मी तो शब्दाने खोडला, तर पुढच्या वेळी ती ताटलीकडे बघण्याऐवजी माझ्या तोंडाकडे बघतील. ते मला नको आहे.

खरा प्रश्न 'वाढणं म्हणजे काय' हा आहे, असं मला वाटतं. उंची की वजन? ओलं वजन उपयोगाचं नाही, त्यात बहुतेक पाणीच असतं. म्हणून असं योजलंय: उन्हात वाळवलेले ५० मूग बाजूला ठेवायचे. आणखी ५० अंधारात रुजवून, १० दिवसांनी मुळांसकट पूर्ण वाळवायचे आणि दोन्ही तराजूत घालायचे. श्वसनात साठा खर्च झालेला असल्याने रोपं मुगापेक्षा हलकी भरायला हवीत. उंच झालेलं रोप बीपेक्षा हलकं, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं की चर्चा आपोआप पुढे सरकेल.

अडचणी अशा. शाळेत नाजूक वजनकाटा नाही. केरसुणीच्या हिराचा आणि कागदी कपांचा तराजू एवढा फरक दाखवेल का? की मूग १०० घ्यावेत? दुसरं, पावसाळ्यात ऊन नाही. पोषण आहाराच्या चुलीजवळ वाळवलं तर चालेल का, की करपून वजन बिघडेल? आणि खिडकीतली रोपं १० दिवसांत मुगापेक्षा जड होतील का, की त्यांना जास्त दिवस द्यावे लागतील?

मुलांनी स्वतः प्रयोग करून शिकावं असा मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम १९७२ साली १६ शाळांत सुरू झाला, पण तो सहावी ते आठवीसाठी होता. मला अनुभव हवाय तो आठ-नऊ वर्षांच्या मुलांसोबतचा. त्यांना 'वाळवून वजन' ही कल्पना झेपते का? की आधी नुसती पिवळी ताटली खिडकीत आणून काय होतं ते बघू द्यावं?

कपाटातली ताटली अजून तशीच ठेवली आहे. सोमवारी वर्गात काय करायचं ते ठरवायचंय, त्याआधी कुणी लिहिलंत तर फार मदत होईल.