लहान कलादालनात वर्षाला प्रदर्शनं किती: दहा की चार?

पुट्टी_पॉलिशपेपर (धागाकर्ता)

दोन दालनं, मिळून साधारण ४० मीटर टांगण्याजोगी भिंत आणि कामाला तीन-चार माणसं. एवढ्या कलादालनानं दर महिन्याला नवं प्रदर्शन लावायचा अट्टहास का करावा? माझं मत: वर्षाला चारच लावावीत, प्रत्येक जवळपास १२ आठवड्यांचं. वाचलेले दिवस कार्यशाळा, शाळांच्या भेटी आणि परिसरातल्या लोकांसाठीच्या कार्यक्रमांना द्यावेत.

एका बदलाला किती वेळ जातो बघा. पहिल्या दिवशी कामं उतरवायची, पुढून-मागून तपासून कंडिशन रिपोर्टाशी (काम आलं तेव्हा त्याची अवस्था नोंदवलेला कागद) ताडायची आणि बांधायची. दुसऱ्या दिवशी गट्ट्या (स्क्रूसाठी भिंतीत ठोकलेले प्लग) उपटून भोकं पुट्टीनं भरायची. पुट्टी वाळताना आकसते, म्हणून दुसरा हात लागतोच. तो टाळला की तिरप्या ट्रॅक लाइटखाली प्रत्येक खळगी उठून दिसते. तिसऱ्या दिवशी घासाई आणि रंग. मग चार दिवस खिडक्या उघड्या ठेवून भिंत रिकामी सोडायची, कारण ओल्या इमल्शनमधून निघणारी वाफ चौकटीत कोंडून राहिलेली बरी नव्हे. त्यानंतर आखणी, टांगणं, दिवे, कॅप्शन यांना दोन दिवस. झाले ९. दहा प्रदर्शनं म्हणजे ९० दिवस दालन बंद, चार म्हणजे ३६. दहा लावणारी मंडळी ते मधले चार दिवस गुपचूप खातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरी_रांग

असहमत. हिशोब बरोबर आहे, पण तो एका बाजूनं मांडलाय. परिसरातल्या चित्रकारांना मोठी दालनं दारात उभं करत नाहीत, त्यांच्यासाठी हीच भिंत असते. वर्षाला चार जागा म्हटल्यावर रांग पाच-सहा वर्षांवर जाते. लहान गावाला प्रेक्षकही तेच ते. एकदा पाहून झालेल्या प्रदर्शनाला ती माणसं तिसऱ्या महिन्यात कशाला येतील?

आणि दर वेळी भोकं हवीत कशाला? छताखाली अॅल्युमिनियमची पट्टी बसवा, तिच्यातून तारा आणि सरकते हुक सोडा. भोक नाही, पुट्टी नाही, रंग वर्षातून एकदा. बदल तीन दिवसांत उरकतो.

पुट्टी_पॉलिशपेपर

तारेवर टांगलेलं चित्र वरून पुढे झुकतं. काच असेल तर त्या झुकावामुळे समोरची जमीन आणि बघणाऱ्याचे पाय तिच्यात दिसायला लागतात. धक्का लागला की चित्र हलतं, आणि हुकातून काढून न्यायला कुणालाही अडचण नसते. हलक्या, स्वतःच्या संग्रहातल्या कामांना तारा ठीक. उसनं आणलेलं काम मात्र भिंतीला पक्कं लागलं पाहिजे: दोन डी-रिंग (चौकटीच्या मागे बसवायच्या ‘डी’ आकाराच्या धातूच्या कड्या), दोन स्क्रू आणि खालच्या कडेला भिंतीत स्क्रूनं कसलेली पट्टी. उधार देणारी संस्था हेच विचारते.

लक्स_मोजा

दोघांच्याही वादात उजेड कुठेच आला नाही, म्हणून मध्ये पडतो.

आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या २००४ च्या अहवालात सर्वांत नाजूक गटासाठी (पटकन उडणारे रंग, रेशीम, वर्तमानपत्राचा कागद) ५० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) आणि वर्षाला १५,००० लक्स-तास (लक्स गुणिले तास) अशी मर्यादा आहे. धागाकर्त्याचे १२ आठवडे घ्या: ५० लक्स × ८ तास × आठवड्याचे ६ दिवस × १२ = २८,८००. जवळजवळ दुप्पट. सहा आठवड्यांत १४,४०० होतात, म्हणजे त्या कामाचा वर्षाचा कोटा तिथेच संपला. तैलरंगांचं तसं नाही. त्यांना २०० लक्स आणि वर्षाला ६ लाख लक्स-तास चालतात. १२ आठवड्यांत जेमतेम १,१५,२०० भरतात. थोडक्यात, कॅनव्हासना तीन महिने द्या, पण नाजूक कागदाला सहा आठवड्यांपुढे नको.

आता खरी गोची. सर्वांत आधी उडतात ते स्केचपेनचे, फ्लुरोसंट मार्करचे आणि स्वस्त शाईचे रंग, आणि ते असतात कुणाच्या कामात? शाळेच्या आणि वस्तीतल्या कार्यशाळांच्या. ती कामं लागतात कुठे? ‘लोकांची भिंत’ असा फलक ठोकलेल्या, खिडकीसमोरच्या बोळात. तिथे दुपारी १,००० लक्स सहज असतात. १५ तासांत, म्हणजे दोन दिवसांत वर्षाचा कोटा खलास. नामवंताच्या तैलचित्राला अंधारं दालन आणि पोरांच्या स्केचपेनला ऊन, ही वाटणी नेमकी उलटी आहे. बोळ तोच ठेवायचा तर काचेला अतिनील रोखणारी फिल्म लावा. पण फिल्म म्हणजे उजेड गेला असं नव्हे, रंग दृश्य प्रकाशानंही उडतात. त्यामुळे पडदा लागणारच. लक्स मीटर चित्राच्या पृष्ठभागाशी समांतर धरा आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ असं तीनदा मोजा. एकदा मोजून वहीत टिक केलेली पुष्कळ दालनं आहेत.

पुट्टी_पॉलिशपेपर

आकडे मान्य, प्रस्ताव सुधारतो. १२ आठवड्यांत कागदावरची कामं मध्यावर बदलायची. चौकटी दोनच मापांच्या ठेवायच्या आणि माउंट (चित्राभोवतीचे जाड पुठ्ठे) त्याच मापात कापायचे. मग स्क्रू जागचे हलत नाहीत, आतला कागद आणि कॅप्शन तेवढं बदलतं. सोमवारी बंद असलेल्या दालनात दोन माणसं एका दिवसात तीस चौकटी करतात.

मातीचे_हात

‘वाचलेले दिवस कार्यशाळांना’ हे वाक्य फार सहज लिहिलंय. दिवस मिळतील हो, पण कार्यशाळा घेणार कुठे? कामं टांगलेल्या दालनात असेल तर फक्त पेन्सिल, कोरा कागद आणि कागदाखाली पाट. खडू नको, त्याची धूळ चौकटीच्या वरच्या कडेवर बसते. पाणी नको, कात्री नको. बाकी सगळं वेगळ्या खोलीत, आणि तिला धुता येणारी जमीन व स्वतःचं बेसिन हवं.

बेसिनखाली गाळ साठवणारी टाकी नसेल तर माती आणि प्लास्टरचा विचारच सोडा. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यातसुद्धा घट्ट होतं, त्यामुळे ‘भरपूर पाणी सोडून वाहून जाईल’ ही समजूत पाइपात दगड होऊन बसते. हात आणि भांडी बादलीत धुवायची, रात्रभर ठेवायचं, वरचं पाणी सावकाश काढायचं आणि तळाचा थर कचऱ्यात टाकायचा. वाळलेल्या मातीवर झाडू मारायचा नाही, तिच्या धुळीत सिलिका असते. ओल्या फडक्यानं पुसायचं.

मुलं एका शिकवणाऱ्यामागे बारा, फार तर पंधरा. वीस झाली की पाच जणं नुसती बसून राहतात आणि तीच मग दालनात पळतात. दोन तासांच्या कार्यशाळेला आधी एक तास मांडामांड, नंतर दीड तास आवराआवर. आठवड्याला तीन कार्यशाळा म्हणजे एका माणसाचे जवळपास दोन दिवस. धागाकर्त्यानं वाचवलेले ५४ दिवस सहा-सात महिन्यांतच संपतात.

दुसरी_रांग

म्हणूनच मी म्हणतो, कार्यक्रम आणि प्रदर्शन अशी फारकत करूच नका. खुलं प्रदर्शन हाच कार्यक्रम. कुणीही एक काम आणावं, निवड नाही. दालनाच्या मुख्य भिंतीवर, ५० लक्समध्ये, बोळात नाही. ४० मीटरवर ६० सेंटिमीटरची कामं २० सेंटिमीटर अंतरानं लावली तर एका रांगेत ५० बसतात, दोन रांगांत १००. चौकटीची उंचीही ६० आणि रांगांमध्ये १० सेंटिमीटर जागा धरली, तर मधली रेषा जमिनीपासून १४८ सेंटिमीटरवर ठेवून खालच्या रांगेचा मध्य ११३ वर येतो, वरच्याचा १८३ वर. मुलांची आणि चाकाच्या खुर्चीतून बघणाऱ्यांची सोय खालच्या रांगेत.

पुट्टी_पॉलिशपेपर

आणि ती १०० कामं येतात कशी? सुतळी बांधून, क्लिपनं काच दाबलेली, एखादं तैलचित्र अजून ओलं. निवड नसेल तर नियम कडक लागतील. चौकटीसकट लांब बाजू ६० सेंटिमीटर, वजन ५ किलो, मागे दोन डी-रिंग. क्लिपच्या चौकटी सरळ परत, कारण क्लिप सुटली की काच खाली येते. प्रत्येक कामाची पावती दोन प्रतींत, त्यावर असलेले ओरखडे नोंदवलेले आणि परत नेण्याची तारीख छापलेली. घरून आलेल्या चौकटींच्या पाठी उघडून बघा. लाकूड पोखरणाऱ्या किडीचा भुसा किंवा झुरळाची अंडी दिसली तर काम पॉलिथिनमध्ये बंद करून वेगळ्या खोलीत दोन आठवडे; प्लास्टिकच्या तळाशी नवा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. हे सगळं धरलं तर स्वीकारायला तीन दिवस, टांगायला तीन, परत द्यायला दोन. आणि न नेलेली दहा-बारा चित्रं वर्षभर कोठीत.

दुसरी_रांग

मग वर्षातून एकदाच करा, पण कराच. नियम कागदावर मांडताना ‘डी-रिंग’ एवढंच लिहून भागणार नाही, चित्र काढून दाखवा. महिनाभर आधी एका शनिवारी चौकटी बसवायची कार्यशाळा ठेवा. निम्मी सुतळी तिथेच सुटेल.

लक्स_मोजा

दालनं दोन आहेत हे दोघंही विसरलात. एकात कॅनव्हास १२ आठवडे, दुसऱ्यात कागद सहा आठवडे. दुसऱ्याचा दर दुसरा बदल तेवढा पहिल्याबरोबर येतो. तो एक आठवडा पुढे ढकला, म्हणजे दोन्ही दारं एकाच वेळी बंद राहणार नाहीत. वर्षाला चार आणि आठ, मिळून बारा.

पुट्टी_पॉलिशपेपर

बारा! दहाला विरोध म्हणून धागा काढला होता. सहा आठवड्यांच्या दालनाची भोकं कोण भरणार, तेही लिहा.

लक्स_मोजा

कागदाच्या दालनात तुमच्याच दोन मापांच्या चौकटी. भोकं पडणारच नाहीत.

मातीचे_हात

आणि गाळाची टाकी?