तेल आणि कूट तरी काट्यावर मोजा

रोजच्या खाण्यातल्या कॅलरींचा हिशेब ठेवताना वाटी-चमच्याने अंदाज येतो, मग स्वयंपाकघरात वजनकाटा कशाला, असं काही जण म्हणतात. पालेभाजी, काकडी, ताक यांच्या बाबतीत ते पटतं. थोडं इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही. पण तेल आणि दाण्याचा कूट वजन करूनच घ्या. तेलाच्या प्रत्येक ग्रॅममागे ९ कॅलरी असतात, हात जरा सैल सुटला की फोडणीतच शंभरेक कॅलरी वाढतात. सोपी रीत म्हणजे तेलाची बरणी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा, कढईत तेल ओतायचं आणि बरणी परत ठेवायची. उणे जो आकडा दिसेल तेवढं तेल गेलं.

भाताची नोंदही जपून करा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी, तर तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या भातात १३०च्या आसपास. फरक पाण्याचा. कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये कच्चा की शिजलेला हे न बघता आकडा टाकला तर सगळा हिशेब कोलमडतो.

चौघांचं एकत्र शिजतं तिथे रिकाम्या कढईचं आणि कुकरच्या भांड्याचं वजन एकदाच लिहून फ्रीजवर चिकटवा. शिजल्यावर भांड्यासकट वजन करून त्यातून रिकाम्या भांड्याचं वजन वजा केलं की आपल्या ताटातला वाटा काढता येतो.

ज्वारी, नाचणी, मटकीचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत मिळतील. तिथे ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे, कॅलरी काढायला तो आकडा तेवढा ४.१८ने भागून घ्या.